भाऊच्या धक्क्यावरची पिकअप आणि दर वेळी अर्धवट राहणारं रिजनरेशन : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी उचलायची आणि भायखळा, लालबाग, परळ, दादर या पट्ट्यातल्या खानावळींना व मंडईतल्या कोळणींना पोचवायची, असा हा घरचा धंदा. मालकीणबाई साठीच्या आतबाहेर आहेत आणि सासूबाईंनंतर सगळा व्यवहार त्याच बघतात. गाडी एकच आहे, २०२१ मध्ये नवी घेतलेली बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या मानकाची) डिझेल पिकअप. मागे बर्फ राहील असा इन्सुलेटेड बॉक्स बसवलेला आहे. ड्रायव्हर आधीच्या जुन्या गाडीपासून त्यांच्याकडेच आहे आणि त्यांना मावशी म्हणतो. डिझेल गाड्यांची तपासणी हे माझं काम, त्या निमित्ताने ही गाडी माझ्याकडे आली. दोघांना विचारून हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील आणि गाडीची कंपनी वगळली आहे.

गाडीचा दिवस कसा जातो ते आधी सांगायला हवं, कारण बिघाडाचं मूळ त्यात आहे. धक्क्यावर रांग इंच इंच पुढे सरकते, म्हणून इंजिन चालूच ठेवायचं. माल भरला की दोन-तीन किलोमीटर जायचं, इंजिन बंद करायचं, क्रेट उतरवायचे, पुन्हा दोन-तीन किलोमीटर. सगळ्यात लांबचा टप्पा दादर. उजाडायच्या आत निघालेली गाडी दहा वाजेपर्यंत मोकळी होते आणि तोवर तिने एकदाही सलग वीस मिनिटं वेग धरलेला नसतो.

१ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत काम आणखी कमी होतं. या दोन महिन्यांत गाडी बहुतेक उभीच असायची. बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर दर तीन-चार दिवसांनी तिला जागेवरच पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा. जुन्या गाडीला ही सवय चालून गेली होती.

फिल्टर काय करतो

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून थेट बीएस-६ आलं, मधला पाचवा टप्पा गाळला गेला. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. डिझेल कारसाठी धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. एवढी काजळी नुसत्या इंजिनाच्या सुधारणेने थांबत नाही, म्हणून डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, बसला.

आत सिरॅमिकच्या बारीक उभ्या नळ्या असतात, एक पुढून बंद तर शेजारची मागून बंद. धूर एका नळीत शिरतो, सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर अडकते. ती साठत गेली की धुराची वाट अडते, म्हणून अधूनमधून जाळावी लागते. हेच रिजनरेशन, ड्रायव्हर लोकांच्या बोलण्यात नुसतं ‘रिजन’.

हायवेवर भार घेऊन सलग चालणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट मुळातच गरम असतो, त्यामुळे बरीचशी काजळी आपोआप जळत राहते. शहरात ती उष्णता मिळत नाही. काजळी ठरावीक पातळीला पोचली की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते पुढच्या कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. याला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात. मध्येच चावी फिरवली की जळणं थांबतं आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळं तापवण्यापासून सुरुवात करावी लागते. अशा प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या रसायनांची राख चुलीतल्या राखेसारखी मागे उरते आणि वर्षांगणिक फिल्टरची जागा खात जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं.

अडचण

जुलैत डॅशबोर्डवर पहिल्यांदा पिवळा दिवा लागला, सायलेन्सरच्या आकारात ठिपके असलेला. ड्रायव्हरला तो काय ते माहीत नव्हतं. त्याने जवळच्या गॅरेजमध्ये दाखवलं, तिथे स्कॅनर लावून ईसीयूत नोंदलेला बिघाडाचा कोड पुसून दिला. दिवा विझला, काही दिवसांनी परत लागला, परत पुसला. दरम्यान आणखी खुणा होत्या. थांबल्यावर इंजिनाचा आरपीएम नेहमीपेक्षा चढा राहायचा, बंद केल्यावरही पंखा फिरत राहायचा, गाडीखालून जळकट वास यायचा. ड्रायव्हरला वाटायचं इंजिन तापलंय, आणि तो ते घाईने बंद करायचा. जुन्या गाडीच्या हिशोबाने हे शहाणपणाचंच होतं. नव्या गाडीत मात्र तो दर वेळी चालू असलेलं रिजनरेशन मधेच तोडत होता.

ऑगस्टमध्ये होड्या परतू लागल्या, माल वाढला, आणि एका पहाटे भरलेली गाडी लालबागच्या पुलावर ओढेनाशी झाली. चेक इंजिन लाइट लागला, गाडी लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयूने ताकद कमी केली. माल भाड्याच्या टेम्पोत हलवला. बर्फ पुरेसा होता म्हणून मासळी वाचली, पण दोन हॉटेलांची वेळ चुकली आणि त्यातलं एक गिऱ्हाईक महिनाभर दुसरीकडे गेलं.

गाडीची पीयूसी चालू होती आणि चाचणीत धूर स्वच्छ आला होता. यामुळे मालकीणबाई जास्तच गोंधळल्या. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजतात. फिल्टर काजळी आत धरून ठेवतोय तोवर बाहेरचा धूर स्वच्छच येणार, मग आत तो किती का तुंबलेला असेना.

तपासणीत काय निघालं

फिल्टर काजळीने जवळजवळ भरलेला होता. शेवटचं पूर्ण रिजनरेशन होऊन बाराशेच्या वर किलोमीटर झाले होते आणि मध्ये अर्धवट प्रयत्नांची लांबलचक यादी होती. फेऱ्या छोट्या आहेत, हे कारण सरळ दिसत होतं. पण छोट्या फेऱ्या तर गाडी घेतल्यापासून तशाच होत्या. मग आताच का अडलं?

पहिलं उत्तर कूलंटच्या तापमानात मिळालं. अर्धा तास चालवूनही ते ६५ ते ७० अंशांच्या वर जाईना. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून अडवणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. इंजिन पुरेसं तापलं नाही तर ईसीयू रिजनरेशन सुरूच करत नाही, किंवा सुरू केलं तरी सोडून देतो. गाडी गरम होत नाही ही तक्रार मुंबईत कोण करणार? थंडीच्या प्रदेशात केबिनचा हीटर चालेना की हे चटकन लक्षात येतं. इथे हीटर कुणी लावतच नाही.

दुसरं कारण डिझेलच्या टाकीत होतं. रोजच्या कमाईतून रोज पाचशेचं डिझेल, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे काटा कायम रिझर्व्हच्या जवळ. बऱ्याच गाड्यांत, आणि या गाडीत नक्कीच, टाकी रिझर्व्हवर असली की रिजनरेशनला परवानगी मिळत नाही. पैसे रोखीने आणि रोजच्या रोज येतात अशा धंद्यात ही सवय सर्रास आहे, आणि कुठलाही मेकॅनिक त्याबद्दल विचारत नाही.

तिसरी गोष्ट डिपस्टिकवर दिसली. ऑइलची पातळी कमालच्या खुणेच्या वर होती, ऑइल पातळ झालं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. मागच्या सर्व्हिसला बाहेरून भरलेलं ऑइलही जुन्या गाड्यांचं, जास्त राखेचं होतं. ड्रायव्हर रोज पातळी बघायचा, पण ऑइल कमी नाही ना एवढंच. वाढलेली पातळी बघून त्याला बरंच वाटलं होतं.

समोरचे पर्याय

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी दोन ठिकाणी विचारलं होतं. एका सर्व्हिस सेंटरने फिल्टर बदला म्हटलं, खर्च लाखाच्या वर. दुसऱ्या गॅरेजने फिल्टर आतून फोडून ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून देतो म्हटलं, खर्च त्याच्या पावभर, आणि पुन्हा कधी दिवा लागणार नाही याची हमी. सेन्सर आणि थर्मोस्टॅट दोघांपैकी कुणीच तपासले नव्हते. उरलेले पर्याय म्हणजे फिल्टर उतरवून मशीनवर धुणं, गाडीवरच स्कॅनरने सर्व्हिस रिजनरेशन करणं (गाडी उभी ठेवून, स्कॅनरवरून हुकूम देऊन काजळी जाळणं), किंवा गाडी विकून टाकणं.

फिल्टर काढण्याच्या पर्यायावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो, कारण मोह त्याचाच होता. कायद्याची बाजू मी सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय व्यावसायिक गाडीला फिटनेससाठी पुन्हा पुन्हा उभं राहावं लागतं. मालकीणबाईंवर याचा फारसा परिणाम झाला नाही. दंड भरून मोकळं होणारे लोक त्यांनी पाहिले आहेत.

मग मी काजळीबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाल्या, “आपल्या बायका गाडीच्या मागंच बसून मासळी निवडतात ना रे?” आणि तो विषय तिथेच संपला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हा होता, आणि तो पैशाच्या गणिताच्या बाहेर जाऊन घेतला गेला. धक्क्यावर आणि मंडईच्या मागच्या गल्लीत गाड्या उलट्या लावतात. एक्झॉस्टचं तोंड माणसं बसतात त्याच बाजूला असतं.

आधी काय करायचं

मालकीणबाईंची घाई रास्त होती, हंगाम नुकता सुरू झाला होता. “काजळी जाळून द्या, बाकीचं नंतर बघू,” असं त्यांचं म्हणणं. इथे मी अडून बसलो. ऑइलमध्ये डिझेल मिसळलेलं असताना इंजिन तासभर चढ्या आरपीएमवर, पूर्ण तापवून चालवणं धोक्याचं आहे. पातळ ऑइल बेअरिंगला नीट धरत नाही, आणि पातळी फार वाढलेली असेल तर ते ब्रीदरच्या नळीवाटे इंजिनात हवा जाते त्या वाटेत ओढलं जाऊन इंजिन स्वतःच्या ऑइलवर बेफाम पळू शकतं. मग चावी काढूनही ते थांबत नाही.

म्हणून क्रम असा ठरला. आधी थर्मोस्टॅट आणि कूलंट, मग ऑइल फिल्टरसह ठरलेल्या ग्रेडचं कमी राखेचं ऑइल, मग डिफरन्शियल प्रेशर सेन्सर (फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक मोजणारा) आणि त्याच्या दोन्ही रबरी नळ्यांची तपासणी. या नळ्या तडकलेल्या किंवा तुंबलेल्या असल्या तर ईसीयूला फिल्टर खोटाच भरलेला किंवा रिकामा दिसतो. इथे त्या ठीक होत्या. तापमानाचे सेन्सरही बरोबर आकडे दाखवत होते.

एक प्रश्न उरला होता. काजळी ठरावीक मर्यादेच्या वर गेलेली असली तर सर्व्हिस रिजनरेशन करत नाहीत, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर उष्णता आवरत नाही आणि सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. तेव्हा फिल्टर उतरवून धुणंच बरं. या गाडीचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण काठावर. आणखी एक-दोन आठवडे कोड पुसत चालवली असती तर हा मार्ग बंद झाला असता.

सर्व्हिस रिजनरेशन उघड्या जागेत केलं. खाली पालापाचोळा किंवा प्लास्टिक नाही याची खात्री केली, एक्झॉस्टसमोरची जागा मोकळी ठेवली. ड्रायव्हरला मुद्दाम शेजारी उभं केलं. आरपीएम कसा चढतो, वास कसा येतो, स्क्रीनवर तापमान कुठवर जातं ते त्याने पाहिलं. “म्हणजे हा वास यायलाच पाहिजे होता?” त्याने विचारलं. पाऊण तासाने काजळीचा आकडा दहा टक्क्यांच्या खाली आला आणि फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक उतरला.

रोजच्या कामात बदल

गाडी दुरुस्त झाली तरी फेऱ्या तशाच राहणार होत्या, आणि तशाच राहिल्या असत्या तर काही महिन्यांत ती परत आली असती. या मॉडेलला ड्रायव्हरच्या हाताशी रिजनरेशनचं बटण नाही. गाडीला आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास सलग चालवणं, एवढाच उपाय होता.

पहिली कल्पना अशी की रविवारी पहाटे रिकामी गाडी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून मुलुंडपर्यंत नेऊन आणायची. शिवडीहून अटल सेतूही सुचला होता, २१.८ किलोमीटर न थांबता, यासाठी त्याहून चांगला रस्ता मुंबईत नाही. पण दोन्ही वेळचा टोल बघून तो मागे पडला. मुलुंडची फेरी काही आठवडे चालली आणि बंद पडली. सुट्टीच्या दिवशी, स्वतःचं डिझेल जाळून, रिकामी गाडी फिरवणं कुणाच्याच मनाला पटेना. ड्रायव्हरला फेरीमागे पैसे मिळतात आणि या फेरीचे कोण देणार हेही ठरलेलं नव्हतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मालकीणबाईंनीच तोडगा काढला. नेरूळमध्ये त्यांच्या भाचीच्या ओळखीने दोन खानावळी मिळाल्या. आठवड्यातून दोनदा दादरचा माल उतरवून गाडी सायन-पनवेल हायवेने नेरूळला जाते. खाडीपुलाच्या आधी-नंतर पहाटे रस्ता मोकळा असतो. रिजनरेशन चालू दिसलं तर ड्रायव्हर एक गिअर खाली ठेवून आरपीएम दोन हजारांच्या वर राखतो. फेरीचे पैसे त्याला मिळतात, मालाचे मालकीणबाईंना.

बाकी गोष्टी छोट्या आहेत. टाकी पावच्या खाली जाऊ द्यायची नाही, त्यासाठी डिझेलचे पैसे आता आठवड्याचे एकदम बाजूला काढतात. आरपीएम चढा असेल तर शक्यतो इंजिन बंद करायचं नाही, पुढचं गिऱ्हाईक आधी उरकायचं. बंद करावंच लागलं तर थर्माकोलच्या खोक्यांवर, जाळ्यांच्या ढिगाजवळ किंवा ताडपत्रीखाली गाडी उभी करायची नाही. धक्क्यावर या तीनही गोष्टी पावलोपावली असतात. ऑइल ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलायचं, आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा.

ड्रायव्हरने आपणहून एक वही ठेवली. आरपीएम कधी चढला, किती वेळ राहिला, तेव्हा गाडी कुठे होती, हे तो लिहितो. माझ्या स्कॅनरपेक्षा मला त्या वहीतून जास्त कळतं.

परिणाम

त्यानंतर वर्षभर लिम्प मोड आला नाही. पिवळा दिवा मध्ये एकदा लागला, गणपतीत, लालबाग-परळचे रस्ते बंद असल्यामुळे नेरूळची फेरी चुकली होती तेव्हा. ड्रायव्हरने त्याच रात्री गाडी ठाण्यापर्यंत नेऊन आणली, दिवा विझला. पुढच्या पावसाळी बंदीत जागेवर इंजिन चालू ठेवणं बंद झालं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सुकी मासळी घेऊन गाडी ठाण्याला जाते.

फिल्टर नव्यासारखा झालेला नाही. चुकीच्या ऑइलची राख आत आहेच, दोन रिजनरेशनमधलं अंतर अशा गाडीला जेवढं असावं त्यापेक्षा कमी आहे, आणि तेवढ्यापुरतं डिझेलही जास्त जातं. कधीतरी तो उतरवून धुवावा लागेल. मालकीणबाईंना हे सांगितलं आहे, त्या त्यासाठी पैसे बाजूला ठेवतात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा कोड पुसण्याऐवजी कूलंटचं तापमान आणि डिपस्टिक बघितली असती, तर काम थर्मोस्टॅट आणि ऑइलवर निभावलं असतं. दोन्ही तपासण्यांना मोठं सामान लागत नाही. कोड पुसल्याने दिवा जातो, काजळी जात नाही, हे गॅरेजवाल्याला ठाऊक असायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक गाडी विकताना झाली. शोरूममध्ये चर्चा कर्जाच्या हप्त्याची, वजनाची आणि ॲव्हरेजची झाली. गाडी कुठे आणि कशी चालणार हे कुणी विचारलं नाही. मॅन्युअलमध्ये त्या दिव्याचं पान आहे, पण मॅन्युअल मालकीणबाईंच्या कपाटात कागदपत्रांसोबत होतं आणि दिवा ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर लागत होता. डिलिव्हरीच्या दिवशी ड्रायव्हरला दहा मिनिटं बसवून तो दिवा, तो वास आणि तो चढा आरपीएम समजावून सांगितला असता तर हा सगळा त्रास झाला नसता. मुंबईत पिकअप चालवणारे हजारो लोक याच माहितीवाचून गाडी चालवतात आणि गाडी बिघडली की बोलणीही तेच खातात. मला याचा राग येतो.

सर्व्हिस रिजनरेशननंतर लगेच नेरूळची व्यवस्था लावायला हवी होती. रिकाम्या फेरीत गेलेले आठवडे नशिबाने निभावले.

आता दुसरी गाडी घ्यायचं चाललं आहे. शहरातल्या छोट्या टप्प्यांसाठी सीएनजी पिकअप आणि ही डिझेल गाडी नेरूळ-ठाण्यासाठी, असा माझा सल्ला आहे. मालकीणबाईंचे दोन आक्षेप आहेत. पहाटे सीएनजी पंपावर रांग लागली तर लिलाव चुकेल, आणि सिलिंडरच्या वजनामुळे बर्फ कमी भरावा लागेल. दोन्ही खरे आहेत. रांगेचा अंदाज घ्यायला ड्रायव्हर सध्या रात्री घरी जाताना पंपावर डोकावून येतो, आणि निर्णय दिवाळीनंतर होईल.